लाल वहीतले अठ्ठावन्न जण

१२ जानेवारी २०२६, सोमवार

कॉम्प्युटर चालू केला, चहा टाकला, प्यायलो, कप विसळला, तरी पडद्यावर ते गोल गोल फिरतंयच. कुंदा म्हणाली, "अहो, एवढ्या वेळात वहीतून बघून तीन फोन झाले असते." तिला काय जातंय बोलायला!

पण लाल वही खिळखिळी झालीय हे तिलाही दिसतं. पंचवीस वर्षं वापरली. गंधाली आठ वर्षांची असताना तिचं अपेंडिक्स फुटलं, तेव्हा कळलं की पोरीचा ग्रुप बॉम्बे. दिसायला ओसारखा, पण ओचं रक्तसुद्धा चालत नाही. बॉम्बेवाल्याला फक्त बॉम्बेवाल्याचंच चालतं, आणि असा माणूस हजारोंत एखादा. साकीनाक्याला लेथवर काम करणारा चंद्रप्रकाश सायकल हाणत आला म्हणून पोर वाचली. त्याच आठवड्यात मी ही वही सुरू केली. आज तीत अठ्ठावन्न नावं आहेत. कुणाला गरज पडली की लोक मला फोन करतात. मी स्वतः देणाऱ्याशी बोलतो, तो हो म्हणाला की मगच दोघांची गाठ घालून देतो. हा माझा नियम.

आता गंधालीलाच सातवा लागलाय. वार गर्भाशयात खाली आहे, बाळंतपणात रक्त जाणार, असं डॉक्टरीणबाई आत्तापासून सांगतात. तेव्हा यादी चोख पाहिजे. सगळी कॉम्प्युटरवर चढवायची आणि त्याआधी रॅम वाढवायची. रॅम म्हणजे काम करताना कॉम्प्युटर कागद पसरतो ते टेबल. माझ्याकडचं टेबल फारच लहान, चार जीबीचं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. यादीतल्यांना आम्ही नेहमी लँडलाइनवरून फोन करतो, पण ती तीन आठवडे मेलेली, तक्रार करून थकलो. कुंदा दर संक्रांतीला यादीतल्या तिच्या लाडक्या अकरा जणांना फोन करते, तो यंदा तिच्या मोबाइलवरून. मी वहीतून नंबर वाचायचे, तिने बटणं दाबायची. नावं साठवायला म्हटलं तर म्हणते, "मला ती भानगड जमत नाही." मढच्या मालनशी वीस मिनिटं बोलली! सुरमईचे भाव, गुडघे, गंधालीचे डोहाळे. चंद्रप्रकाश मात्र दोन वाक्यांत मोकळा झाला. मशीन चालू होतं म्हणाला.

१९ जानेवारी, सोमवार

हर्षदकडे जाऊन आलो. स्टेशनजवळ त्याचा गाळा आहे, आमच्या सोसायटीतले सगळे कॉम्प्युटर तोच बघतो. पन्नाशीचा माणूस, पण बोलणं कॉलेजातल्या पोराचं. म्हणाला, "काका, मशीन उचलून इकडे आणा. रॅमची जुनी पट्टी बघतो, तिच्या जोडीची देतो. नाही मिळाली तर जुनी काढून दोन एकसारख्या टाकू. वेगवेगळ्या पट्ट्यांचं जमेलच असं नसतं." सध्या रॅमची टंचाई आहे, पंधरा दिवस लागतील म्हणे.

पंधरा दिवस! चौतीस वर्षं मी विमा कंपनीच्या रेकॉर्ड सेक्शनला काढली, एक फाइल इकडची तिकडे झाली नाही. मला एक पट्टी निवडता येत नाही होय? ऑनलाइन जाहिरात बघून अंधेरीच्या एकाकडून वापरलेली पट्टी घेऊन आलो. घरी आल्यावर खाचच जुळेना. जोर लावणार होतो, तेवढ्यात कुंदा ओरडली, "मोडाल काहीतरी!" पट्टी निघाली डीडीआर थ्री, म्हणजे आधीच्या पिढीची, मशीनला लागते डीडीआर फोर. उद्या परत अंधेरी. हर्षदला हे सांगायचं नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

बसली! आठ जीबी, डीडीआर फोर, खाच बरोब्बर. चार नि आठ बारा. झकास पळतंय मशीन.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. जुनी पट्टी २४०० च्या वेगाची, नवी ३२०० ची, आणि दोघी मिळून जुनीच्या चालीने चालतात. म्हणजे नवीचा वेग वाया. व्हिडिओ बघितला. सेटिंगच्या पानावर जाऊन वेग वाढवता येतो. गेलो आणि दोघींना ३२०० वर लावून टाकलं. मग हर्षदला मुद्दाम फोन केला. तो म्हणाला, "काका, तेवढं नका करू यार. जुनी पट्टी तेवढं पळू शकत नाही. ती दमते, चुका करते, आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. आधी तपासून तरी घ्या." गिऱ्हाईक हातचं गेलं म्हणून जळतोय, दुसरं काय!

२६ जानेवारी, सोमवार

काल गंधालीचं डोहाळजेवण झालं. जावयाने, ओजसने, फोटो पाठवले, ते कॉम्प्युटरवर उतरवून घेतले. त्यातला एक विचित्र आला. गंधालीचा चेहरा, खांदे, फुलांचे दागिने सगळं छान, आणि पोटापासून खाली नुसता करडा पट्टा. कुंदा मागे उभी होती. तिचा आवाजच बदलला. "पुसून टाका तो. आत्ताच्या आत्ता."

ओजसला विचारलं तर त्याच्या फोनवर तोच फोटो नीट आहे. इंटरनेटचा घोळ असणार.

२८ जानेवारी, बुधवार

नंबर चढवतोय. दुपारी एकदम निळा पडदा आला, मशीन आपणहून बंद होऊन परत चालू झालं. नंतर यादीची फाइल उघडताना पाटी आली की फाइलमध्ये बिघाड आहे, दुरुस्त करू का. मी म्हटलं कर बाबा, आणि केली त्याने. बोरिवलीच्या निलेशच्या नंबरात आठच्या जागी कोनासारखी खूण आली होती, ती वहीत बघून नीट केली.

कुंदाला म्हटलं, फडकं मारताना बटणांवर मारू नकोस. ती म्हणाली, "आज मी त्या टेबलाकडे फिरकलेच नाही."

३१ जानेवारी, शनिवार

पूर्ण यादी पडताळली. कुंदाने वहीतून आकडा आकडा वाचला, मी पडद्यावर बघितला. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न बरोबर. रेकॉर्ड सेक्शनचा माणूस आहे म्हटलं!

२ फेब्रुवारी, सोमवार

लाल वही संपवली. रद्दीत देणं शक्यच नव्हतं. रक्ताचा धंदा करणारे असतात, त्यांच्या हाती अशी यादी पडली तर ते या लोकांना छळतील. पंचवीस वर्षं ज्यांनी माझ्या भरवशावर नाव दिलं त्यांची नावं मी रस्त्यावर टाकू? पानं फाडून बादलीत भिजत घातली, दुपारी हाताने कुस्करून लगदा केला.

कुंदा न्हाणीघराच्या दारात उभी होती. "राहू द्या ना चार महिने. बाळंतपण तरी होऊ दे. खायला मागते का वही?" मी म्हटलं, यादी आता तीन ठिकाणी आहे, कॉम्प्युटरवर आणि दोन पेन ड्राइव्हवर. बादलीतलं पाणी शाईने निळं झालं होतं. ते ओतताना मलाही जरा कसंसं झालं, खोटं कशाला बोलू.

७ फेब्रुवारी, शनिवार

यादीला रोज नवं रूप देतोय. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर असे भाग पाडले, प्रत्येकाला वेगळा रंग दिला. रोज उघडायची, सुधारायची, सेव्ह करायची, आणि झोपायच्या आधी ताजी प्रत दोन्ही पेन ड्राइव्हवर, जुनीच्या जागी. निळा पडदा आठवड्यातून दोनदा येतो. सवय झाली.

११ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी निघायच्या घाईत घाटकोपरहून फोन आला. देवेश नावाचा माणूस होता. धाकटा भाऊ सिद्धेश बाइकवरून पडला, दवाखान्यात आहे, ग्रुप बॉम्बे निघाला. आवाज कापत होता बिचाऱ्याचा. इकडे गंधालीची सोनोग्राफी, ओजस खाली गाडी घेऊन उभा. एरवी मी स्वतः फोन लावतो, पण आज म्हटलं यादी हाताशी आहे, थेट देऊन टाकू. निलेश, दिंडोशीची श्रुतिका, अंधेरीची रश्मी, असे तीन नंबर पडद्यावरून वाचून दिले. दोन मिनिटांत काम! वही असती तर पानं उलटत बसलो असतो. त्याचा नंबर इथे टिपून ठेवतो.

सोनोग्राफीला फोन बंद केला तो संध्याकाळपर्यंत चालू करायचाच राहिला. चालू केल्यावर मोबाइल कंपनीचे चार-पाच मेसेज आले, जाहिरातीच असणार, पुसून टाकले. देवेशचा परत फोन नाही, म्हणजे काम झालं असणार. गरज सरली की कोण कळवतंय?

१८ फेब्रुवारी, बुधवार

गंधालीला पहाटे रक्त गेलं, दवाखान्यात ठेवून घेतलंय. तिचं स्वतःचं हिमोग्लोबिन कमी, त्यामुळे आधी तिचंच काढून ठेवता आलं नाही. मंगळवारी, चोवीस तारखेला ऑपरेशन. त्याआधी किमान दोन देणारे येऊन रक्त देऊन गेले पाहिजेत, तीन असले तर बरं, त्याशिवाय हात लावणार नाही म्हणाल्या डॉक्टरीणबाई. ब्लड बँकेच्या माणसाने माझ्याचकडे बोट दाखवलं. "यादी यांच्याकडे असते." मी छातीठोकपणे म्हटलं, अठ्ठावन्न आहेत, किती पाहिजेत बोला.

गंधाली हसली. "बाबा, आता मला कसली भीती?"

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी नऊला फोन घेऊन बसलो. चंद्रप्रकाशचा नंबर लावला, तर एका बाईंनी उचलला, राँग नंबर. मालनचा अस्तित्वात नाही. पुढचा कुरिअरवाल्याला लागला, त्याच्या पुढचा पुन्हा अस्तित्वात नाही. निलेशचा लागला एका पत्र्याच्या गाळ्यात, तो माणूस उखडलाच. "मागच्या आठवड्यातपण कोण तरी रक्त मागत होता. काय लावलंय काय?"

दुपारपर्यंत सगळे अठ्ठावन्न लावून झाले. बरोबर लागले ते नऊ. त्यातले दोघे दुबईत, तिघांची वयं उलटून गेलेली, एकाला कावीळ होऊन गेली. एक जण आता बेंगळुरूला, घरचा माणूस आजारी, निघता येत नाही. एकाने उचललाच नाही. रश्मी म्हणाली, जानेवारीतच दिलंय काका, चार महिने देता येत नाही.

मी वैतागून म्हटलं, लोक नंबर बदलतात आणि कळवत नाहीत, वाट लावतात नुसती. कुंदा माझ्याकडे बघत होती. "मालनचा नंबर संक्रांतीला लागला होता," ती म्हणाली. "तुम्हीच वाचून दाखवलात."

 पेन ड्राइव्ह लावून बघितले. दोन्हींवर तेच नंबर. आणि वही मी माझ्या हाताने कुस्करली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

हर्षद स्वतः घरी आला. त्याने पट्ट्या तपासायचं काहीतरी लावलं, पडदा काळा झाला आणि त्यावर लाल ओळी येऊ लागल्या. एक, चार, चाळीस, थांबेचनात. "प्रत्येक ओळ म्हणजे एक चूक, काका. एकाचा पाच होतो, दोनाचा सहा, आठाची ती कोनासारखी खूण. पट्टी चुकते आणि मशीन तेच खरं धरून चालतं."

"पण मी पडताळलं होतं रे! अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न!"

"तेव्हा बरोबर असतील. नंतर किती वेळा उघडून सेव्ह केलंत?"

किती वेळा म्हणजे? रोज. रंग भरले, भाग पाडले, आणि नासलेली यादी रोज रात्री चांगल्या प्रतीवर चढवली, दोन्ही पेन ड्राइव्हवर. माझ्याच शिस्तीने. हर्षद एका शब्दाने टोचून बोलला नाही. वेग कमी केला, नवी पट्टी काढून हातात दिली. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

तो गेला. कुंदा तिचा मोबाइल घेऊन आली. "चौदा तारखेचे फोन यात दिसतात का हो?" दिसत होते. अकरा नंबर, एकालाही नाव नाही. पण किती वेळ बोलणं झालं ते शेजारी लिहिलेलं. तिने बोट ठेवलं. "हा वीस मिनिटांचा, मालन. हा पाऊण मिनिटाचा, चंद्रप्रकाश."

मी रडलो. लिहून ठेवतो, लाज कसली.

२२ फेब्रुवारी, रविवार

मालनने पहिल्या रिंगला उचलला. "दादा, पोरीसाठी नाय येणार तर कुणासाठी? मासळी जावेकडं देते नि निघते." चंद्रप्रकाश आता पन्नाशीचा, कारखान्यात फोरमन झालाय. म्हणाला, "छोटी के लिए? अरे, तेव्हा सायकलने आलो, आता रिक्षाने येतो." अकरांतले बाकीचे कुणी गावी, कुणी औषधांवर.

तिसरा हवा म्हणून बोरिवलीला गेलो. निलेश तिथल्या एक्सर भागात राहतो, त्याची आई गणपतीच्या मूर्ती रंगवते, एवढंच आठवत होतं. विचारत विचारत दीड तासात सापडला. लुंगीवर पेपर वाचत बसला होता. म्हणाला, "काय काका, विसरलात ना? वर्षभर फोन नाही. मी इथेच आहे." लगेच शर्ट घालून निघाला.

येताना सारखं वाटत होतं, निलेशचं नाव मी एवढ्यातच कुणाला तरी दिलंय. कुणाला ते आठवेना. डोकं ठिकाणावर नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मुलगी झाली. गंधालीला फार रक्त गेलं, तिन्ही बाटल्या लागल्या. तीन. दोनच असत्या तर काय, ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बाळाला कावीळ दिसतेय, दिव्याखाली ठेवलंय, पण भिण्यासारखं नाही म्हणतात. मालन बाहेर बाकावर बसून होती. कुंदाने तिला पोटाशी धरलं.

१ मार्च, रविवार

गंधाली उद्या घरी येणार. निवांत बसून ही दैनंदिनी मागे चाळत होतो आणि अकरा तारखेवर येऊन थांबलो. गाळेवाला म्हणाला होता, मागच्या आठवड्यातपण कोण तरी रक्त मागत होता. ते पुसलेले चार-पाच मेसेज कुणाच्या फोनचे होते, तेही कळलं.

दोन तास फोन हातात घेऊन बसलो. कुंदाला सांगितलं. ती म्हणाली, "लावा." नंबर इथे माझ्या हाताने लिहिलेला, त्यामुळे बरोबर लागला.

देवेशनेच उचलला. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "हां काका, बोला." मी विचारलं, सिद्धेश कसा आहे. तो म्हणाला, "बारा तारखेला गेला."

मग त्यानेच सांगितलं, अगदी शांतपणे. एक नंबर अस्तित्वात नव्हता, एक कुठल्या गाळ्यात लागला, तिसऱ्या बाईंना देता येत नव्हतं. "तुम्हाला पाच वेळा केला काका, तुमचा बंद होता. ब्लड बँकेनेपण प्रयत्न केला. नसतील कुणी, असं धरून चाललो आम्ही. नशीब."

तिथे गप्प बसता आलं असतं. तो मला दोष देत नव्हता. पण मी सगळं सांगितलं, पट्टी, वेग, वही, सगळं. नंबर माझ्या यादीत चुकीचे होते म्हटलं.

"नंबर चुकीचे होते," तो म्हणाला. "माणसं होती?"

"निलेश होता. बोरिवलीला. घरीच होता."

"म्हणजे माणूस होता."

त्याने फोन ठेवला.  अंधार पडला तरी कुंदाने दिवा लावला नाही.

अर्ध्या तासाने त्याचाच फोन आला. आवाज बसलेला होता. म्हणाला, "लिहून घ्या. बहीण आहे आमची, अक्षता. कणकवलीला दिलीय. सिद्धेश गेल्यावर सगळ्यांचं तपासलं, तिचा तोच ग्रुप निघाला. ती देणार म्हणते." दहा आकडे त्याने सावकाश सांगितले. मी लिहिले आणि एकेक करून परत वाचून दाखवले. "बरोबर," तो म्हणाला. "पण काका, कुणी मागितला तर नंबर देऊन मोकळे होऊ नका. फोन तुम्ही लावा."

कोपऱ्यावरच्या दुकानातून कुंदा नवी वही घेऊन आली. लाल मिळाली नाही, निळी आहे. पहिलं नाव अक्षताचं लिहिलं, खाली मालन, चंद्रप्रकाश, निलेश, रश्मी, मग ज्यांचे नंबर बरोबर लागले ते. बाकीची माणसं कुठे कुठे आहेत, त्यांच्या दारात मलाच जावं लागणार. लिहून झाल्यावर कुंदाने वही उचलली आणि तिच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली तिच्याकडे आहे. मी मागितली नाही.